काठावरची मंडळी

लिफ्ट थांबली आणि नेमकी गादीची जाहिरात लागली. गादीवर एक बाई उड्या मारत होती आणि तिच्या पायाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी काही केल्या सांडत नव्हतं. सांडलं असतं तरी मला काय? मला लिफ्टचा दरवाजा ऐकायचा होता. जाहिरात संपून चित्र परत आलं तेव्हा दरवाजा लागून गेलेला होता, कासव खुर्चीतून उठून गेला होता, पडद्यावर त्याची बोट धुक्यात एकटीच डुलत होती आणि दूर, त्याच्या घराच्या दारापाशी, कुणीतरी चपला काढताना ऐकू येत होतं. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. समोर सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिने विचारलं, "हुकलं?" मी म्हटलं, "हुकलं." "जाऊ द्या आई, उद्या आहेच की," ती म्हणाली. तेवढ्यात कासव परत येऊन बसला आणि आपल्या नेहमीच्या संथ आवाजात बोलू लागला. हेडफोन मांडीवर होते तरी मला सगळं स्वच्छ ऐकू आलं. कान माझे अजून शाबूत आहेत, त्यांच्यावरच तर पोट आहे. "मंडळी, उद्याची फेरी शेवटची," तो म्हणाला. "कायमची नाही, घाबरू नका. आमच्या इमारतीची लिफ्ट फार जुनी झाली. परवापासून ती काढणार आणि नवीन बसवणार. तोवर नुसती ठोकाठोकी. त्या आवाजात बोट कुठली चालवतोय मी." सूनबाईने हातातला टॉवेल घडी न घालताच ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

कासव म्हणजे कुणी आमच्या नात्यातला नाही. तो आपल्या खोलीत बसून कम्प्युटरवर गेम खेळतो आणि लोक आपापल्या घरी बसून तो खेळताना बघतात, एवढाच संबंध. सूनबाईने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिला विचारलं होतं, की खेळणारा तो, तर मग आपण काय करायचं? ती म्हणाली, "काही नाही करायचं आई. तेच तर." ती दिवसभर घरूनच एका कंपनीचे फोन घेते, लोकांचे फ्रिज बंद पडतात आणि लोक हिच्यावर ओरडतात. संध्याकाळी फोन मिटला की तिला असं काहीतरी लागतं जिथे तिला कुणी काही विचारणार नाही. कासवाचा गेम तसलाच. एक मोठं तळं, तळ्यात बेटं, बेटांवर एखाददुसरं घर, आणि ह्या धक्क्यावरून त्या धक्क्यावर माणसं नेणारी एक जुनी बोट. कुणी मरत नाही, कुणी जिंकत नाही. बहुतेक वेळ धुकं असतं. धुक्यातून हळूहळू एक दिवा दिसायला लागतो, कासव म्हणतो, "आलं," आणि बोट लागते. पैसे भरून जे सबस्क्रिप्शन घेतात त्यांना तो बोटीतली मंडळी म्हणतो. कुणी नवीन आलं की बोटीचा भोंगा वाजतो, कासव त्या माणसाचं नाव मोठ्यांदा वाचतो, "अमुक अमुक बोटीत आले," आणि मग त्याला बाजूच्या पट्टीत लिहून कासवाशी बोलता येतं. बाकीचे आम्ही काठावरची मंडळी. आम्हाला भोंगा नाही, बोलणं नाही, आणि मधूनमधून गादीवरची बाई बघावी लागते. सूनबाईचं फुकट बघण्यामागे एक तत्त्वज्ञान आहे. "पैसे भरले की बघावंच लागतं," ती म्हणते, "आणि आई, बोट काठावरूनच दिसते. बोटीत बसलेल्याला बोट कुठे दिसते?" माझ्या मुलाने एकदा तिला म्हटलं, मी भरतो पैसे, एवढी कसली कंजुषी. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने आंघोळीला गेला.

मी मात्र बोट बघायला बसत नव्हते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खिडकीशी ब्लाउजला बटण लावत होते. सूनबाईचा लॅपटॉप टेबलावर उघडा, आवाज बारीक. पाणी, धुकं, कासवाचं एखादं वाक्य. आणि त्या सगळ्याच्या मागे, त्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे, एक लिफ्ट वर आली. आधी दोराची कुरकुर, मग थांबतानाचा धक्का, मग जाळीचा दरवाजा सरकू लागला, खर्रर्र, आणि मध्येच अडला. एक श्वासभर काही नाही. मग धाड. सुई बोटात घुसली असं सांगितलं तर शोभून दिसेल, पण सुई जिथल्या तिथे होती. मी फक्त उठले आणि दाराकडे चालू लागले. ह्या घराच्या दाराकडे, जिथे लिफ्टचं दार आपोआप आणि बिनबोभाट लागतं, इतकं की शेजारी कधी येतात कधी जातात कुणाला पत्ता नसतो. दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पायपुसणं तेवढं होतं. मागून सूनबाईने विचारलं, "कोण आहे आई?" आणि मी दार लावून घेतलं.

तो जो श्वासभराचा खोळंबा आहे ना, तो आमचा आहे. आम्ही केलेला. आम्ही त्या जुन्या घरात राहायला गेलो तेव्हा आरशाचं लोखंडी कपाट लिफ्टमध्ये मावेल की नाही ह्यावरून ह्यांची आणि हमालाची जुंपली होती. हमाल म्हणत होता, मावणार नाही. हे म्हणत होते, तिरपं घातलं की मावतं. हे चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे; केसाएवढा फरक ह्यांना दिसायचा, पण कपाटाएवढा फरक दिसला नाही. कपाट तिरपं घातलं, रेटलं, आणि दरवाजाची खालची पट्टी वाकली. तेव्हापासून तो दरवाजा अर्ध्यात अडायचा. गुडघ्याने जरा उचलून पुढे ढकलला की धाडकन लागायचा. इमारतीचे सेक्रेटरी भांडायला आले तर हे त्यांना म्हणाले, "अहो, बरंच झालं. आता माणूस दरवाजा नीट बघून लावेल." पट्टी कुणी दुरुस्त केली नाही आणि सगळी इमारत गुडघा लावायला शिकली. पण प्रत्येकाचा गुडघा वेगळा. वरच्या मजल्यावरचे वकील अडल्याबरोबर चिडून दोनदा आपटायचे. शेजारची मुलगी मध्येच सोडून निघून जायची. हे मात्र थांबायचे. अडलं की एक श्वास थांबायचे, जसं काही दरवाजाला म्हणतायत, झालं तुझं? मग उचलायचे. मी स्वयंपाकघरात असायचे. खर्रर्र ऐकू आलं की मी हात पुसायचे, धाड ऐकू आलं की निघायचे, आणि हे दारात पोचायच्या आत दार उघडं असायचं. आमच्या दाराची बेल परक्यांसाठी होती. ह्यांनी ती कधी वाजवलीच नाही. ती कशी वाजते हे तरी त्यांना ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे.

आता कुणी म्हणेल, बाई, जाळीच्या जुन्या लिफ्टी जगात काय थोड्या आहेत, आणि त्यातल्या अडणाऱ्या काय थोड्या? हे मला सगळ्यांत आधी मीच म्हटलं. माझं कामच ते आहे. मी कानाच्या डॉक्टरांकडे ऐकण्याची तपासणी करते. काचेच्या पलीकडे आवाजबंद केबिन, तिच्यात पेशंट, त्याच्या कानावर हेडफोन, हातात बटण. मी अलीकडून बारीक बारीक सूर सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. ह्या कामात दोन गोष्टी पहिल्या दिवशी शिकवतात. एक, सूर सोडताना ठेका धरायचा नाही. ठेका धरला की माणूस कानाने न ऐकता अंदाजाने दाबायला लागतो. आणि दुसरी, मध्येच काही न सोडता नुसतं थांबायचं. त्या रिकाम्या वेळात पुष्कळ जण बटण दाबतात. ते लबाड नसतात. ज्याला फार ऐकायचं असतं त्याला न वाजलेलं ऐकू येतं. आम्ही त्याला खोटा होकार म्हणतो. वर्षानुवर्षं काचेतून बघून मी त्यात एक गोष्ट माझी स्वतःची शोधलेली आहे, जी कुठे शिकवत नाहीत. खरा सूर ऐकू आला की बटणाच्या आधी चेहरा हलतो. कपाळ जरासं वर जातं, आणि सूर संपला की खाली येतं. खोट्या होकारात बोट हलतं, चेहरा तसाच वाट बघत राहतो.

म्हणजे मी स्वतःला पक्की ओळखून होते. विधवा बाई, संध्याकाळची वेळ, कानावर हेडफोन. असा पेशंट माझ्यापुढे बसला असता तर मी त्याचे सगळे होकार पेन्सिलीने लिहिले असते, पेनाने नाही. तरी मी रोज बसत होते. कासवाची बोट धुक्यात शिरायची आणि मला पलंगाच्या कडेवर बसून हळूहळू तंद्री लागायची. डोळे उघडे असायचे, पण समोरचं तळं आमच्या जुन्या बैठकीच्या खोलीत पसरलेलं असायचं. पाण्यातून टेबलाचे पाय वर आलेले, कपाटाच्या आरशात बोटीचा दिवा, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी. पाणी घोट्यापर्यंत, पण पाय कोरडे. कासव काहीतरी म्हणायचा, "उजवीकडे बेट आहे वाटतं," आणि मी उजवीकडे बघायचे तर तिथे चपलांचा कप्पा असायचा. मग भिंतीपलीकडे दोर कुरकुरायचा. ते कासवाचे वडील कामावरून येत असतात, हे मला पुढे कळलं. कासव मान वर करून म्हणायचा, "आले वाटतं आमचे बाबा," आणि म्हणूनही बोट चालवत राहायचा. मग बेल वाजायची. मग परत वाजायची. मग कुठे हा उठायचा. त्या बेलांच्या मधल्या वेळात माझा जीव नुसता टांगणीला लागायचा. अरे, ऐकलंस ना? आलेत हे तुला कळलं ना? मग तो माणूस पिशवी घेऊन दाराबाहेर का उभा?

एकदा न राहवून मी सूनबाईला सगळं सांगितलं. लिफ्ट, कपाट, खोळंबा. तिला हेडफोन दिले आणि म्हटलं, तू ऐक, तुला ते घर माहीत नाही, तुझे कान कोरे आहेत. तिने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "हो आई. अडतो दरवाजा. मग लागतो." माझा जीव भांड्यात पडला, पण रात्रभर राहिला नाही. कारण तपासणीला जोडपी येतात तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. नवरा केबिनमध्ये, बायको बाहेर माझ्या शेजारी. सूर सोडला की माझ्या यंत्रावर एक बारीक दिवा लागतो. तो दिवा बघून बायका काचेतून नवऱ्याला मान हलवून दाखवतात. शाळेत उत्तर पुरवावं तसं. नवरा पास व्हावा म्हणून. ऐकण्यात पास काय आणि नापास काय, पण त्यांना ते बघवत नाही. मी त्यांच्या खुर्च्या फिरवून ठेवते, तर मान मागे वळवून हलवतात. सूनबाईने मान हलवली ती तशीच नसेल कशावरून? ती माया करते माझ्यावर, हीच अडचण होती.

ह्यावर सोपा उपाय होता आणि तो माझ्या मुलाने एका वाक्यात सांगितला: "आई, पैसे भर आणि त्याला विचार कुठली इमारत ते." त्याचं सगळंच सरळ असतं. पैशांचा प्रश्न नव्हता. पण पैसे भरले की भोंगा वाजणार, माझं नाव पुकारणार, आणि कासव आपल्या चांगुलपणाने विचारणार, या, बसा, काय म्हणताय? मग मला म्हणावं लागणार की बाबा रे, तुझी बोट मी बघतच नाही, मी तुझ्या भिंतीपलीकडचं ऐकायला येते. आणि समजा विचारलंच, आणि तो म्हणाला, छे, आम्ही तर भलत्याच गावात राहतो? तो एक शब्द बोलला असता आणि माझी संध्याकाळ कायमची गेली असती. काठावर उभं राहण्यात एक सोय आहे. समोरचा किनारा कुठला, हे कुणी सांगत नाही. तिथे प्रत्यक्ष जावं, तर ते आमचं जुनं शहर रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब. आणि जाऊन काय करणार? लिफ्टपाशी उभं राहून ऐकणं वेगळं. तो आवाज आतून ऐकायचा आवाज आहे. बंद दाराच्या आतून, आपलं माणूस आपल्याकडे येताना. परक्याच्या घरात जाऊन, जरा तुमच्या स्वयंपाकघरात वाट बघत बसू का, असं कुणाला म्हणता येतं?

हे गेले ते लिफ्टने गेले नाहीत. दुपारी दुकानातून लवकर आले, दरवाजा तसाच थांबून लावला, मी दार उघडलं, आत येऊन पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, "जरा डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं वाटतंय." संध्याकाळी त्यांना न्यायला माणसं आली तर स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. एक जण म्हणाला, तिरपं घालून बघू. मी म्हटलं, नको, मावणार नाही. जिन्यानेच नेलं. मजल्यामजल्यावर दारं उघडत गेली आणि मिटत गेली. दवाखान्यातून ते परत आले नाहीत. पण लिफ्टला हे कुणी सांगितलंच नाही. लिफ्टच्या हिशेबी ते वर आले ते आलेच. खाली उतरल्याची तिच्याकडे नोंदच नाही. आणि ती रोज संध्याकाळी कुणा ना कुणाला घेऊन येत राहिली, आणि मी रोज हात पुसून दार उघडत राहिले. एकदा वकीलसाहेब चुकून आमच्या मजल्यावर उतरले तर मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्यांनी बिचाऱ्यांनी ती दिली. हे मुलाच्या कानावर गेलं आणि तो मला न्यायला आला. घर विकलं. कोण राहायला आलं ते मी पाहिलं नाही. किल्ल्या मुलाने दिल्या. निघताना मला लिफ्टने उतरायला सांगत होते. मी जिन्याने उतरले.

लिफ्ट बदलणार असं कासवाने सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. पण बाहेर एक म्हातारं जोडपं बसलं होतं आणि माणसं बसली की काम करावं लागतं. आजोबा केबिनमध्ये गेले, आजीबाई माझ्या शेजारी. मी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्या म्हणाल्या, "कळलं, कळलं. नाही बघत." आजोबा शहाण्यासारखे दाबत होते. मग मी थांबले, नेहमीसारखी, काही न सोडता. केबिनमध्ये ठार शांतता. आणि त्यांनी बटण दाबलं. चेहरा तसाच, वाट बघणारा. मी दार उघडून विचारलं, "आजोबा, आत्ता काय ऐकलंत?" ते म्हणाले, "ही काहीतरी बोलली ना?" आजीबाई भिंतीकडे तोंड करून गप्प बसल्या होत्या. त्या न वळता म्हणाल्या, "नाही हो, मी नाही बोलले." "बरं," आजोबा म्हणाले, "मग आता बोलशील." आजीबाई हसल्या. मीही हसले, आणि मग मला यंत्राचे आकडे नीट दिसेनात. तो होकार मी पेन्सिलीनेही लिहिला नाही. दिवसभर मात्र तो माझ्याबरोबर राहिला. रस्त्याने येताना, दुकानांच्या काचांत स्वतःला बघताना, मी एकच घोकत होते: आज एकदा तो दरवाजा पुरता ऐकायचा. अडणं, थांबणं, लागणं. गादीवरच्या बाईशिवाय. खरा असो की खोटा. उद्या तो भंगारात जाणार.

घरी आले तेव्हा बोट सुटलेली होती. आज धुकं जास्तच होतं, कासव म्हणाला, "मंडळी, आज समोरचं काही दिसत नाही, आपण नुसते जाऊ." वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत त्याचा चेहरा दिसत होता, एका कानावर हेडफोन, दुसरा कान उघडा. मी पलंगाच्या कडेवर बसले. पहिली जाहिरात आली आणि गेली. त्याचे वडील काही घड्याळाच्या ठोक्याला येत नाहीत. तेही ठेका धरत नाहीत आणि जाहिरातही धरत नाही. खिडकीबाहेर उजेड विटत चालला होता. सूनबाई माझ्या शेजारी येऊन बसली, घड्या न घालता, मोकळ्या हातांनी. पडद्यावर एका धक्क्याचा दिवा लागल्यासारखा वाटला आणि विझला. मला वाटलं, आपण बोटीतही नाही आणि काठावरही नाही, पाण्यात उभे आहोत, आणि पाय कोरडे आहेत. मी म्हटलं, "भर पैसे."

तिने तत्त्वज्ञान वगैरे काही काढलं नाही. भराभर बटणं दाबायला लागली. "नाव काय टाकू आई?" मी म्हटलं, "काठावरची." ती हसली, तेच टाकलं. कार्ड मुलाचं, त्यामुळे आकड्यांचा मेसेज त्याच्या फोनवर, आणि तो आतल्या खोलीत. "अहो, कोड सांगा," ती ओरडली. "कसला कोड?" "आला असेल बघा." "कुणासाठी काय विकत घेतेयस?" "आईंना बोटीत बसवतेय, सांगा लवकर." तो आकडे सांगत बाहेर आला, एक चुकला, परत सांगितला. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे दोर कुरकुरला. लिफ्ट वर येत होती. मी म्हटलं, "थांब," पण तिचं बोट खाली गेलेलं होतं.

भोंगा वाजला. मी तो इतक्या वेळा दुसऱ्यांसाठी ऐकला होता, पण इतका लांबलचक आणि घसा फोडून तो कधी वाजला नसेल. सगळं तळं त्याने भरून गेलं. त्याच्या खाली लिफ्ट थांबली असणार, दरवाजा सरकला असणार, मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. माझ्याच नावाचा भोंगा आणि मीच त्याच्याखाली बुडालेली. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून मी पडद्याच्या अगदी जवळ गेले, आणि म्हणून मला तो कोपऱ्यातल्या चौकटीतला चेहरा दिसला. कासवाचं कपाळ जरासं वर गेलं. त्याच्या उघड्या कानाला भोंगा नव्हता, घर होतं. कपाळ वर गेलं आणि तिथेच थांबलं. एक श्वास. भोंगा वाजतच होता, बोट जातच होती, आणि तो चेहरा तसाच वर थांबलेला, अर्ध्यात. मग ते कपाळ खाली आलं. एवढंच. मी आयुष्यभर काचेतून चेहरे बघत आले आहे, माझी ह्यात चूक होत नाही. तो खोटा होकार नव्हता. ऐकणारी मी नव्हतेच. ऐकणारा तो होता, आणि त्याला काही वाट बघायची नव्हती. तो थांबण्याएवढा वेळ मला पाठ आहे. तो वकिलांचा नाही, शेजारच्या मुलीचा नाही. कुणीतरी तिथे अजून दरवाजाला म्हणत होतं, झालं तुझं?

भोंगा संपला. "काठावरची बोटीत आल्या," कासव वाचून म्हणाला आणि हसला. "या. बसा. बरेच दिवस उभ्या होतात वाटतं? काय म्हणताय?" बाजूच्या पट्टीत माझ्या नावापुढे एक बारीक रेघ लुकलुकत होती. सूनबाईने बोटं अक्षरांवर ठेवली. "विचारा आई," ती हळूच म्हणाली. "कुठली इमारत, कितवा मजला. काय लिहू?" मुलगाही फोन हातात धरून उभा होता. विचारता आलं असतं. खालची पट्टी वाकलेली आहे का, एवढं एकच विचारलं असतं तरी पुरलं असतं. पण लिफ्टपासून दारापर्यंत फार अंतर नसतं. तो माणूस पिशवी घेऊन निघालेला होता.

"लिही," मी म्हटलं, "आधी दार उघड. बेल वाजायच्या आत."

तिने लिहिलं. कासवाने ते मोठ्यांदा वाचलं, त्याला काही समजलं नाही, तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला, म्हणजे आमच्याकडेच. मग का कुणास ठाऊक, "बरं," म्हणाला, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि उठला. खुर्ची रिकामी झाली. बोट धुक्यात आपली आपण जात होती. पावलं लांब गेली, कडी निघाली, आणि एक थकलेला, दणकट आवाज म्हणाला, "अरे? मी बेल कुठे वाजवली अजून?"

"आलात ते ऐकू आलं," कासव म्हणाला.

पिशवी ह्या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला. सूनबाईने नुसत्या भुवया उंचावून मला विचारलं, तेच घर का? मी मान हलवली.